विहिरीकडे पाठ

"बिरू, डोकं बाजूला घे की! डोकं आहे का भोपळा?"

"भोपळाच हाय. ऱ्हाऊ दे. तुला पवायला शिकायचं झालं तर कंबरंला बांधाय येईल!"

तुळजानं बिरूला कोपरानं ढोसलं आणि ती चवड्यांवर उभी राहिली. फकरुद्दीनचाचांच्या अंगणात अख्खी वाडी गोळा झाली होती. मोहरमचा चाँद नुकताच दिसला होता आणि आता पेटी उघडायची होती! पेटीत होता वाडीचा चांदीचा पंजा. वर्षभर तो हिरव्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचा, चाँद दिसेपर्यंत फडक्याची गाठ सोडायची नाही, असा रिवाज. पेटी सांभाळायचे फकरुद्दीनचाचा. एरवी ते गळक्या डब्यांना कथलाचा डाग देत, भांड्यांना कल्हई करत. पंजा मिरवायचा मान मात्र तुळजाच्या घराचा, म्हणजे आता तिच्या महारुद्रकाकांचा.

तुळजा आठवीत गेली होती. तिचे वडील धाराशिवला कचेरीत होते, आणि दर सुट्टीत ती आईबरोबर वाडीला यायची. इथं तिचे दोन जिवाभावाचे सोबती होते. एक मेंढरांमागं हिंडणारा बिरू आणि दुसरी चाचांची मुलगी सायरा.

सायरा पेटीजवळ कंदील धरून उभी होती. चाचांनी कुलूप काढलं. फडकं बाहेर घेतलं, कपाळाला लावलं आणि गाठ सोडली.

आत पंजा नव्हता!

आत होता एक लाकडी दांडका.

गर्दी पुढं सरकली, वाकून बघू लागली. मग सरपंच बंडप्पा खाकरले. "फकरुद्दीनभाई, पेटी तुमच्याकडं, किल्ली तुमच्याकडं. पंजाला काय पाय फुटले?"

"गाठ जशी हातात आली, तशीच ठेवली मी. अल्लाशप्पथ सरपंच, ती सोडली न्हाय."

"मग लाकूड काय आतल्या आत उगवलं?" मागून कुणीतरी हसलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "औंदा पोरीच्या कानात चांदी चमकतीया!"

सायराचा हात कानाकडे गेला. तिच्या कानातल्या बाळ्या कथलाच्या होत्या, डाग देऊन उरलेल्या तुकड्यांतून तिनं स्वतःच केलेल्या. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, पण तिचं ऐकायला कुणी थांबलंच नाही.

बंडप्पांनी निकाल देऊन टाकला. "मोहरमच्या दहावीच्या आत पंजा आणा. न्हायतर पेटी-किल्ली पंचांकडं, आन् तुमचं नाव पोलिसपाटलाकडं."

सगळे चाचांकडे बघत होते. तुळजा मात्र त्या दांडक्याकडे बघत होती. कंदिलाच्या उजेडात त्याच्यावर एक निळा पट्टा दिसत होता आणि त्याखाली दोन पिवळे. ती दोन पावलं मागं सरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही मळ्यातल्या विहिरीवर बसले होते. ही विहीर तुळजाच्याच घरची. एका अंगाला मोट, दुसऱ्या अंगाला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. उन्हाळ्यात निम्मी वाडी हिचंच पाणी प्यायची.

बिरूनं उजवा पाय पुढं पसरला होता. त्याच्या घोट्यातून नारू निघत होता. दोऱ्यासारखा तो लांबलचक किडा एका काडीला गुंडाळून वर पट्टी बांधली होती. पाण्यात पाय घालायचा नाही, एकाचा नारू साऱ्या गावाला होतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाडीतला सगळ्यात पट्टीचा पोहणारा असा कोरडाठाक बसला होता, आणि त्यामुळं त्याची जीभ जास्तच चालत होती.

"रडून पंजा गावतोय व्हय?" तो सायराला म्हणाला. "गावत आसंल तर मीबी रडतो. दोघं मिळून लवकर गावंल!"

सायरा ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "अब्बा राती जेवले न्हाईत. त्यांनी कुलूप उघडलंच नव्हतं. उघडलं असतं तर मला कळलं असतं, मी पेटीच्या उशालाच झोपते!"

"मग पंजा पेटीत जायच्या आधीच बदलला," तुळजा हळूच म्हणाली.

"आधी म्हंजी? हितं?"

तिघांनीही विहिरीकडे बघितलं.

दहावीला मिरवणूक संपली की पंजा इथं आणायचा. ताशे बंद करायचे. काकांनी एकट्यानं पायऱ्या उतरायच्या, पंजा पाण्यानं धुवायचा, म्हणजे 'थंड' करायचा, आणि फडक्यात गुंडाळून, गाठ मारून चाचांकडे द्यायचा. आणि तोवर सगळ्या गावानं विहिरीकडे पाठ करून उभं राहायचं. थंड होताना पंजाकडे बघायचं नाही!

"मागच्या साली मी पण होते," तुळजा म्हणाली. "बिरू, तुला आठवतं? आपण पाठ करून उभे होतो. आणि मागं आवाज आला..."

"डुबुक!" बिरू ताठ बसला. "तू म्हणलीस बेडूक! आन् मला हसू आवरंना, म्हणून आज्ज्यानं टप्पल मारली!"

"आम्ही पण ऐकला," सायरा म्हणाली. "सगळ्यांनीच ऐकला असंल."

सगळ्या गावानं ऐकला होता. एकानंही मान वळवली नव्हती.

तुळजाच्या जिभेवर ते निळे-पिवळे पट्टे अडकून बसले होते. बोलायचं की नाही? त्या मोहरमच्या आधीच्या पोळ्याला काकांनीच तिच्या हातात कुंचला दिला होता. 'ओढ गं रेघा, हात कापू देऊ नगंस!' म्हणाले होते. अणदूरच्या बाजारातून तिच्यासाठी रेवड्या आणणारे काका! तिनं सायराकडे बघितलं. सायरानं कानातल्या बाळ्या काढून टाकल्या होत्या.

"तो दांडका म्हणजे शिवळ आहे," तुळजा म्हणाली. "जुवाच्या टोकाला, बैलाच्या मानेशेजारी घालतात ती. आमच्या बैलाची. तिच्यावरचे पट्टे मी ओढलेत."

बिरूनं मोटेकडे बोट दाखवलं. मोटेची जुवं नेहमी विहिरीवरच पडलेली असत. हातातून पंजा सटकला, हाताशी शिवळ होती. बस्स!

"काका गेल्या साली गळ टाकून विहीर ढवळत होते," तुळजानं सांगितलं. "मी विचारलं, तर म्हणाले घागर पडली. पण आमच्या सगळ्या घागरी घरात होत्या! आईला विचारलं मी. म्हणजे त्यांना सापडला नाही. पंजा अजून इथंच आहे!"

"मग काढू!" सायरा उठलीच.

"तू न्हाय," बिरू म्हणाला. "तू काढलास तर म्हणतील, घरनं आणून टाकलास. मी नारूवाला. ऱ्हायलं कोण?"

दोघांनीही तुळजाकडे बघितलं.

"मी? मी तिसऱ्या पायरीच्या खाली जात नाही! मला पोहता येत नाही!"

खरं तर हे निम्मंच खरं होतं. डबा पाठीला बांधून ती काठाकाठानं हातपाय मारायची. पण सात वर्षांची असताना ती इथंच घसरली होती. नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि खाली काळंहिरवं काहीतरी आ वासलेलं दिसलं होतं. तेव्हापासून पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं.

"पवायचं कुठं हाय? बुडायचं हाय!" बिरू म्हणाला. "बुडायला काय अक्कल लागती?"

सायरा मात्र चटकन निघाली. ती घरी गेली आणि दुपारी एक अजब वस्तू घेऊन आली. पत्र्याची गोल चौकट, तिच्यात काच, कडेनं सायकलची जुनी ट्यूब आणि फटींत लाख भरलेली. डोळ्यांवर, नाकावर घट्ट बांधायची.

"डाग मी दिलाय," ती म्हणाली. "गळणार न्हाय. निदान दिसंल तरी."

आता नाही कसं म्हणायचं?

पहिल्या दिवशी तुळजा कंबरेला दोर बांधून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि थरथरत परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड पाण्यात घातलं आणि लगेच ओरडत बाहेर काढलं.

"श्वासच पुरत नाही मला! घेते, घेते, तरी कमीच पडतो!"

"घेतीस, पर सोडतीस कुठं?" बिरू पायरीवरून ओरडला. "भ्यालेलं मेंढरू बघ, नुसतं आत ओढत ऱ्हातं. पोट भरलेल्या पखालीत पाणी कसं मावंल? आधी सोड. सगळा सोड. गाणं संपल्यागत सोड."

तिनं सोडला. हळू, अगदी शेवटपर्यंत. मग घेतला. जातं थोडं हललं! पुरतं उतरलं नाही, पण हललं!

मग रोज दुपारी, वाडी झोपली की ती विहिरीवर. सूर्य डोक्यावर आला की ऊन थेट तळाला जायचं, हेही बिरूनंच हेरलं होतं. दोराची खूण ठरली. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ओढा. कान दुखले की आवंढा गिळायचा. पोटाशी दगड धरायचा, तो आपोआप खाली नेतो.

एकदा ती निम्म्यात घाबरली, दगड टाकून वर आली आणि पायरीवर बसून हुंदके देऊन रडली. सायरानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "नको जाऊस तुळजा. आमचं आमी बघू."

"गप बस!" तुळजा फणकारली. "मी रडतेय, थांबलेली नाही!"

आणि ती पुन्हा गेली.

खाली गेल्यावर कळलं की ते काळंहिरवं म्हणजे नुसतं शेवाळ होतं! पायऱ्यांना दाढ्या आल्यासारखं डुलणारं शेवाळ, त्यात सुयांसारखे मासे, आणि वरून उतरणारा उन्हाचा सरळसोट खांब. इतकं शांत, की स्वतःचं काळीज ऐकू येत होतं. सहा वर्षं ती या शेवाळाला भीत होती! तिला पाण्यातच हसू आलं आणि तोंडातून बुडबुडे सुटले.

आणि तेव्हाच तिला ते दिसलं. शेवटच्या पायरीखाली एक कपार होती. आत, हातभर अंतरावर, गाळातून वर आलेली चार बोटं.

ती वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. "आहे! तिथं आहे! पायरीखाली! गळ तिथं वळतच नाही!"

"आणलास का?" दोघंही किंचाळले.

"नाही!" तुळजा हसली. "मुद्दाम! आपण तिघांनी घरी नेला तर म्हणतील, चाचांनीच आपल्या हाती दिला. तो सगळ्यांच्या देखत निघाला पाहिजे."

दहावीच्या आदल्या दुपारी बिरू लंगडत, ओरडत वाडीभर हिंडला. "पळा! मळ्याच्या हिरीत पंजा दिसतुया! ऊन खातुया!"

वाडी अशी पळाली म्हणता! बंडप्पा तर अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून आले. महारुद्रकाका शेतातून धावत आले. फकरुद्दीनचाचा सगळ्यांच्या मागं उभे राहिले. त्यांना कुणी वाट दिली नाही.

"कुठाय? कुठाय?" बंडप्पांनी वाकून बघितलं. "मला तर निस्तं पाणी दिसतंय!"

"शेवटच्या पायरीखाली, कपारीत," तुळजा म्हणाली.

दोन गड्यांनी सूर मारला. एक हात हलवत वर आला. दुसऱ्याचा खांदा खरचटला होता. "फट हाय, पर खांदा जाईना. निस्ता गाळ!"

"मी जाते," तुळजा म्हणाली. तिनं कंबरेला दोर बांधून टोक बिरूकडे दिलं आणि सायराचा पत्र्याचा चष्मा डोळ्यांना बांधला.

गर्दीत हशा पिकला. "अगं बया, घोड्याची झापडं!" कुणीतरी म्हणालं. काकांचा चेहरा मात्र उतरला होता. "तुळजा! ही काय खेळायची जागा हाय? घरी चल!"

तिनं सगळा श्वास सोडला. मग घेतला आणि दगड घेऊन गेली.

आज ऊन होतं, पण वर गर्दीच्या सावल्या होत्या. तळ अंधारला होता. छातीवर जातं पुन्हा येऊन बसलं. ती चाचपडत कपारीपाशी पोचली, हात घातला. बोटांना गार धातू लागला, आणि इतक्यात कंबरेला जोराचा हिसका बसला! कुणीतरी तिला ओढत होतं! तिनं तर दोन हिसके दिलेच नव्हते! बोटं सुटली. ती खरचटत, पाणी गिळत वर आली.

दोर महारुद्रकाकांच्या हातात होता.

"बुडत व्हती पोरगी!" ते सगळ्यांना सांगत होते. "बस झालं. न्हाय तिथं काय!"

"म्या देत नव्हतो!" बिरू ओरडला. "हिसकून घेतला त्यांनी!"

तुळजा खोकत पायरीला धरून उभी राहिली. नाक चुरचुरत होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. घरी जावं, पांघरूण घेऊन झोपावं असं तिला इतकं वाटलं! तिनं काकांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं तिला भीती दिसली. अगदी तिच्या ओळखीची. आत ओढत राहणारी, सोडायला विसरलेली.

"काका, दोर सायराकडं द्या," ती म्हणाली.

"तिला पवाय येत न्हाय."

"मला माहीत आहे. दोर तिच्याकडं द्या."

बायकांत कुजबूज झाली. काकांनी इकडेतिकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी दोर सोडला. सायरानं तो हाताला दोन वेढे देऊन धरला आणि पायऱ्या उतरून, आयुष्यात पहिल्यांदाच, घोटाभर पाण्यात उभी राहिली.

या वेळी तुळजानं घाई केली नाही. खाली जाताना तिला कंबरेशी तो दोर जाणवत होता. ना ढिला, ना ताठ. तिनं कपारीत हात घातला, मग डोकं, मग खांदा. शेवाळ गालाला लागलं. बोटं बोटांना भिडली. तिनं पंजा हलवला, पुन्हा हलवला, गाळ उसळून सगळं काळं झालं. आता काहीच दिसत नव्हतं. 'घाबरलीस का?' तिनं स्वतःला विचारलं. हो, घाबरले! पण हात सोडणार नाही! आणि पंजा सुटला.

दोन हिसके.

आधी पाण्याबाहेर आला तो काळवंडलेला पंजा, मग तुळजा!

काय तो गलका! ताशेवाल्यानं ताशाच बडवायला घेतला. कुणी नारळ आणला. बंडप्पांनी अर्ध्या दाढीच्या तोंडानं भाषण ठोकलं. "शाब्बास! मानाच्या घरची पोरगी शोभलीस! महारुद्रा, तुझ्या पुतणीनं वाडीची अब्रू राखली!" आणि काकांनी, खुद्द काकांनी, डोळे पुसत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तुळजाला तो हात फार जड वाटला.

"पण पंजा विहिरीत पडला कसा?" तिनं विचारलं.

ताशा थांबला.

"आसंल काय तरी," बंडप्पा म्हणाले. "देवाची करणी!"

"फडक्यातली शिवळ आमच्या बैलाची आहे. पट्टे मी ओढलेत. मागच्या साली डुबुक झालं, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं." या वेळी तिला श्वास कमी पडला नाही, शब्दही नाही. "मग चोर चाचा कसे?"

कुणी पागोटं सारखं केलं, कुणी विडी शोधू लागलं. काका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. शेवटी पुटपुटले, "वल्ला हात हुता. सटाकला. तवाच सांगाय हवं हुतं... पर मानाचा हात हुता. कसं सांगणार?"

त्यांना वाटलं असेल, आता आभाळ कोसळणार. पण तसं काहीच झालं नाही. बंडप्पांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "जाऊ द्या. माणसाच्या हातनं व्हतंच. गावलं न्हवं? मिटलं! फकरुद्दीनभाई, घ्या पंजा, लावा चिंच, करा लख्ख. काय मनात ठेवू नगा."

एवढंच. वर्षभर गप्प बसलेल्या माणसाला 'जाऊ द्या', आणि चाचांना एका रात्रीत चोर!

चाचा पुढं आले. आता सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी पंजा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. मग गळ्यातली किल्ली काढून बंडप्पांच्या हातावर ठेवली.

"उद्याची दहावी करतो. मग धाराशिवला जातो, साडूकडं. डाग द्यायचं काम तिथंबी हाय."

"अहो, पण आता तर सगळं मिटलं की!"

"तुमचं मिटलं, सरपंच," चाचा शांतपणे म्हणाले. मग तुळजाकडे वळून त्यांनी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, तू पाण्यात उतरलीस. आमच्यासाठी कोरड्यात कुणी उतरलं न्हाय." हा हात मात्र अगदी हलका होता.

रात्री आई म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण चारचौघांत बोलायला नको होतं." तुळजानं अंथरुणावर कूस बदलली. चारचौघांतच तर चाचांना चोर म्हटलं होतं!

दुसऱ्या दिवशी दहावी झाली. पंजा लखलखत होता. मान महारुद्रकाकांकडेच राहिला. दुसऱ्या कुणाला द्यावा, असं कुणी सुचवलंसुद्धा नाही. मिरवणूक मळ्यात आली, ताशे थांबले, काका पायऱ्या उतरू लागले आणि सगळ्या वाडीनं विहिरीकडे पाठ केली.

तुळजा फिरली नाही.

"ए पोरी! पाठ कर!" बंडप्पा पाठमोरेच कुजबुजले. "रिवाज हाय!"

"मी बघणार," तुळजा म्हणाली.

तिच्या एका बाजूला लंगडत बिरू आला आणि विहिरीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला सायरा. तिनं कानात कथलाच्या बाळ्या पुन्हा घातल्या होत्या. आज तिचं सामान बांधून तयार होतं, सकाळची पहिली एसटी होती. धाराशिवला ती भेटणारच होती, तरी तुळजानं तिचा हात घट्ट धरला.

खाली काकांनी मान वर केली. तीन चेहरे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी पंजा दोन्ही हातांनी आवळून धरला.

या वर्षी डुबुक झालं नाही.